अपवादाच्या शब्दाआधी काय आहे, ते बघ

अगं, 'बट'च्या पुढे कुठलं क्रियापद लावायचं यावरून एवढी रडकुंडीला येऊ नकोस. समोर पर्याय चार: क्राय, टू क्राय, क्राइंग, क्राइड. चारही ओळखीचे, चारही कुठेतरी ऐकलेले, आणि वर घड्याळ पळतंय. मग 'क्राइंग' कानाला बरं वाटतं म्हणून त्यावर टिचकी मारायची आणि पुढच्या प्रश्नाकडे पळायचं. हेच करतेस ना? माझ्याकडे इंग्रजीसाठी येणाऱ्या बऱ्याच मुली हेच करतात. हुशार असतात गं त्या. घर, नोकरी, लहान मूल असं सगळं सांभाळून अभ्यासाला बसतात. फक्त या एका जागी येऊन अडतात.

खरं सांगू का, तू नियम चुकीच्या जागी शोधतेयस. 'बट', 'एक्सेप्ट', 'अदर दॅन' या शब्दांकडे टक लावून बसतेस आणि मनात म्हणतेस, 'बट'नंतर काय येतं बरं? 'बट'नंतर काहीही येतं, बाई! नुसतं क्रियापद येतं, टू लावलेलं येतं, आयएनजीवालं येतं, अख्खं वाक्यसुद्धा येतं. त्यातलं कुठलं यायचं ते 'बट'च्या आधी काय आलंय त्यावर ठरतं. माझं आजचं सगळं सांगणं एवढंच आहे. बाकी आपण चहा पीत निवांत बघू.

आधी हे समजून घे की तू अडतेस कशामुळे, म्हणजे स्वतःला नावं ठेवायचं थांबवशील. पहिलं कारण आपली मराठी. बघ, 'तिने रडण्याखेरीज काही केलं नाही', 'थांबण्यावाचून इलाज नव्हता', 'पहाटे उठण्याशिवाय बाकी सगळं आवडतं'. तिन्ही वाक्यांत क्रियापदाला 'ण्या' लावला, त्याला खेरीज-वाचून-शिवाय जोडलं, काम झालं. आपल्याकडे सगळ्यांना एकच साचा. इंग्रजीत मात्र या तीन वाक्यांना तीन वेगळी रूपं लागतात. त्यामुळे मनात मराठी वाक्य धरून भाषांतर करायला गेलीस की 'रडणं' म्हणजे क्राइंग, 'थांबणं' म्हणजे वेटिंग, असं सगळीकडे आयएनजी चिकटवत सुटतेस.

दुसरं कारण क्लासमध्ये पाठ करून घेतलेला नियम: प्रेपोझिशननंतर क्रियापद आलं तर आयएनजी लावा. नियम चांगलाय, मी पण शिकवते. 'गुड अ‍ॅट कुकिंग', 'टायर्ड ऑफ वेटिंग', 'विदाऊट आस्किंग' हे सगळं त्यातच बसतं. पण 'बट' आणि 'एक्सेप्ट' हे त्या घरातले हट्टी दीर आहेत. प्रेपोझिशन म्हणवून घेतात आणि घरचा नियम मात्र हवा तेव्हाच पाळतात.

आणि तिसरी गोष्ट, तू उगाच मनाला लावून घेतेस ती. 'आमचं मराठी माध्यम, आमचं इंग्रजी कच्चंच.' काही नाही गं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. त्याआधी आम्ही पाचवीत जाऊन पहिल्यांदा एबीसीडी गिरवली आणि तरी शिकलो. आणि मी सांगते, कॉन्व्हेंटातल्या मुलीही इथे अडखळतात. त्या फक्त आत्मविश्वासाने अडखळतात.

आता मुद्द्यावर ये. साडीला लागून आलेला ब्लाउजपीस असतो ना, त्याचा पोत बघायला वेगळं दुकान शोधावं लागत नाही, साडीकडे बघितलं की कळतं. कारण तो त्याच कापडातून कापायचा असतो. इंग्रजीतला अपवाद अगदी तसाच आहे. ज्यातून वजा करायचं त्याचा जो पोत, तोच वजा केलेल्या तुकड्याचा. आधी 'डू' असेल तर पुढे नुसती कृती. आधी 'टू' मागणारा शब्द असेल तर पुढे टू. आधी आयएनजी मागणारा शब्द असेल तर पुढे आयएनजी. आणि आधी पूर्ण विधान असून पुढेही पूर्ण विधानच जोडायचं असेल तर मध्ये 'दॅट'.

पहिलं घर 'डू'चं. 'शी डिड नथिंग बट क्राय.' तिने रडण्यापलीकडे काही केलं नाही. इथे 'बट'च्या आधी 'डिड' आहे. म्हणजे वाक्य कृतीबद्दल बोलतंय, म्हणून वजा केलेली कृतीही नुसती, साध्या रूपात: क्राय. तुमच्या क्लासच्या भाषेत व्ही वन. टू नको, आयएनजी नको, आणि आधी 'डिड' दिसलं म्हणून 'क्राइड' तर मुळीच नको. भूतकाळ 'डिड'ने एकदा दाखवून झाला, पुन्हा दाखवायचं कारण नाही.

'डू'ने कुठलंही रूप घेतलं तरी हेच चालतं. 'ही डज नथिंग बट कम्प्लेन', सारखी कुरकुर. 'आय कॅन डू एव्हरीथिंग एक्सेप्ट ड्राइव्ह', गाडी सोडून सगळं येतं. 'दे हॅव डन नथिंग सिन्स मॉर्निंग एक्सेप्ट वॉच टीव्ही', सकाळपासून टीव्हीच चाललाय. या शेवटच्या वाक्यात 'हॅव डन' बघून हात आपोआप 'वॉच्ड'कडे जातो. जाऊ देऊ नकोस. 'नथिंग'च्या जागी 'एनीथिंग', 'एव्हरीथिंग', 'लिटल' असं काहीही असो, 'बट'च्या जागी 'एक्सेप्ट' किंवा 'अदर दॅन' असो, आधी 'डू' दिसला की पुढे साधं रूप.

इथेच एक फसवी जागा आहे. 'देअर वॉज नथिंग टू डू बट वेट.' करण्यासारखं काही नव्हतं, थांबायचं एवढंच. इथे 'टू डू' आहे म्हणून मुली पुढे 'टू वेट' लावतात. पण बघ, आधी 'डू' आहेच की! मग साधं 'वेट'च. आणि 'ही इज डूइंग नथिंग बट...' असं चालू काळातलं वाक्य आलं तर? तिथे आयएनजीही ऐकायला मिळतं. बोलणाऱ्यांचं स्वतःचंच तिथे एकमत नाही, म्हणून तू त्यात डोकं घालू नकोस. शंका आली तर वाक्य फिरवून 'ही डज नथिंग बट...' असं लिहून मोकळी हो.

दुसरं घर 'चॉइस'चं. 'आय हॅड नो चॉइस बट टू वेट.' थांबण्यावाचून इलाज नव्हता. इथे आधी 'डू' कुठेच नाही. 'हॅड नो चॉइस' आहे. चॉइस कशाची, तर काहीतरी करायची, आणि हे 'करायची' इंग्रजी 'टू'ने सांगते. ऑप्शन, अल्टरनेटिव्ह ही याचीच भावंडं. 'वी हॅड नो अल्टरनेटिव्ह बट टू सेल द गोल्ड.' दागिने विकण्याशिवाय मार्ग उरला नाही. तुझ्या ऑफिसात पत्रांमध्ये हे वाक्य हजारदा येणार: आमच्यापुढे अर्ज नाकारण्यावाचून पर्याय नाही, 'वी हॅव नो ऑप्शन बट टू रिजेक्ट द अ‍ॅप्लिकेशन'. 'बट रिजेक्टिंग' असं टाइप करायला बोटं शिवशिवतील, थांबव त्यांना. माझं पहिलं असं पत्र साहेबांकडून लाल शाईत न्हाऊन परत आलं होतं. 'नो अल्टरनेटिव्ह बट वेटिंग' लिहिलं होतं मी, आणि वर स्वतःवर इतकी खूश!

याच घरात आणखी पाहुणे आहेत. 'शी वॉन्ट्स नथिंग एक्सेप्ट टू स्लीप', तिला झोपण्यापलीकडे काही नको. का? कारण 'वॉन्ट' हे क्रियापद नेहमीच टू मागतं, 'वॉन्ट टू स्लीप'. तोच पोत पुढे आला. आणि हेतू सांगायचा असेल तरी टूच: 'ही नेव्हर कॉल्स एक्सेप्ट टू बॉरो मनी', उसने पैसे मागायचे असल्याशिवाय त्याचा फोन येत नाही. अशी एक तरी व्यक्ती प्रत्येकाच्या नातेवाइकांत असते, म्हणून हे वाक्य लक्षात ठेवायला सोपं.

आता ही दोन घरं शेजारी ठेवून बघ, कारण परीक्षेत नेमकी यांचीच अदलाबदल करतात. 'आय कुड डू नथिंग बट वेट' आणि 'आय हॅड नो चॉइस बट टू वेट'. अर्थ जवळपास सारखा, रूप वेगळं. पहिल्यात 'डू', म्हणून टू नाही. दुसऱ्यात 'चॉइस', म्हणून टू हवाच. चूक शोधायच्या प्रश्नात 'कुड डू नथिंग बट टू वेट' असं लिहून देतात आणि तू सरावाने पुढे निघून जातेस. तिथे थांब, मागे बघ, 'डू' दिसला की 'टू'वर काट मार.

तिसरं घर आयएनजीचं. आता तुझं लाडकं रूप आलं, घे हौस भागवून. 'शी लाइक्स एव्हरीथिंग अबाउट द जॉब एक्सेप्ट गेटिंग अप अर्ली.' नोकरीतलं सगळं आवडतं, एक पहाटे उठणं सोडून. इथे आधी काय आहे? आवडणाऱ्या गोष्टींची यादी. यादीत नामं असतात: पगार, माणसं, डबा, कँटीनचा चहा. यादीतून जे वजा करायचं तेही नामच हवं, आणि क्रियापदाला नाम करायचं इंग्रजीचं साधन म्हणजे आयएनजी. तसंच 'ही इज गुड अ‍ॅट एव्हरीथिंग एक्सेप्ट लिसनिंग', सगळ्यात तरबेज, फक्त ऐकून घेण्यात नाही. 'गुड अ‍ॅट'ला आयएनजी लागतं, मग पुढेही तेच. हे वाक्य कोणाबद्दल लिहायचं ते मी सांगायला नको.

काही जोडशब्द मात्र साधे आहेत बघ, मागेपुढे न पाहता आयएनजी घेतात. 'एक्सेप्ट फॉर', 'अपार्ट फ्रॉम', 'बिसाइड्स', 'इन्स्टेड ऑफ'. 'अपार्ट फ्रॉम टीचिंग, शी रन्स अ मेस', शिकवण्याशिवाय ती खानावळही चालवते. इथे फक्त एक जप. 'बिसाइड्स' म्हणजे 'ते धरून आणखी', आणि 'एक्सेप्ट' म्हणजे 'ते सोडून'. आपल्या 'शिवाय'मध्ये हे दोन्ही अर्थ मावतात, म्हणून गोंधळ होतो. 'ती शिवणाशिवाय विणकामही करते' इथे बिसाइड्स. 'शिवणाशिवाय तिला काही येत नाही' इथे एक्सेप्ट.

आता 'रादर दॅन'. हा अगदी अपवादाचा नाही, पण शेजारीच राहतो आणि पेपरात याच्यासोबत येतो. 'शी डिसायडेड टू वॉक रादर दॅन टेक द बस.' बसने जाण्यापेक्षा चालत जायचं ठरवलं. आधी 'टू वॉक', पुढे टू गाळून 'टेक'. वाक्याच्या सुरुवातीला आला तरी साधं रूप बसतं: 'रादर दॅन वेट, शी टुक अ रिक्षा'. याच्यापुढे आयएनजीही बरोबर मानतात, म्हणून दोन्ही पर्याय दिसले तर आधीच्या क्रियापदाशी जे जुळेल ते घे.

'कॅनॉट बट'शी जरा दबकूनच वाग. हा जुन्या वळणाचा, भाषणात आणि पुस्तकात भेटणारा प्रयोग. 'आय कॅनॉट बट अ‍ॅडमायर हर.' तिचं कौतुक केल्यावाचून राहवत नाही. याचे दोन भाऊ आहेत: 'आय कॅनॉट हेल्प बट अ‍ॅडमायर हर' आणि 'आय कॅनॉट हेल्प अ‍ॅडमायरिंग हर'. तिघांचा अर्थ एकच. 'बट' असला की साधं रूप, 'बट' नसून नुसतं 'हेल्प' असलं की आयएनजी. मधला 'हेल्प बट' काही जुन्या मास्तरांना खपत नाही, पण आज तो सर्रास चालतो. तू स्वतः लिहिताना तिसरा वापर, सगळ्यात सुटसुटीत तोच आहे.

दमलीस? चहा गार होतोय बघ. अर्धा डोंगर चढून झालाय, आता उताराचं आहे.

अपवादानंतर अख्खं वाक्य जोडायचं असेल तर 'एक्सेप्ट दॅट'. 'आय वुड कम, एक्सेप्ट दॅट माय सन हॅज अ फीव्हर.' आले असते गं, पण मुलाला ताप आहे. इथे 'दॅट'नंतर कर्ता आला आणि क्रियापद आपल्या काळात नीट उभं राहिलं. हीच गत 'एक्सेप्ट व्हेन'ची: 'द मार्केट इज ओपन एव्हरी डे एक्सेप्ट व्हेन इट रेन्स'. कर्ता दिसला की टू-आयएनजीचा विचार सोड आणि क्रियापद नेहमीसारखं चालव.

आणि आता आपला जुना शत्रू, 'अनलेस'. हाही अपवादच सांगतो, फक्त अटीच्या वेषात. 'अनलेस यू स्टार्ट नाऊ, यू विल मिस द ट्रेन.' आत्ता निघाली नाहीस तर गाडी चुकेल. आपल्या वाक्यात 'नाही' आहे ना? म्हणूनच आपण 'अनलेस यू डोन्ट स्टार्ट' असं लिहून बसतो. 'अनलेस'च्या पोटातच नकार आहे, पुन्हा 'नॉट' घातलास की अर्थ उलटा होतो. दुसरं म्हणजे, गोष्ट पुढे घडणारी असली तरी 'अनलेस'लगत 'विल' घालत नाहीत, साधा वर्तमानकाळ लावतात. 'विल' जातो दुसऱ्या भागात. तेव्हा 'अनलेस' दिसला की त्याच्या भागात दोन गोष्टी हुडकायच्या, 'नॉट' आणि 'विल'. दिसली की चूक सापडली समज.

'बट फॉर'ही असाच नेमाचा. 'बट फॉर हर हेल्प, आय वुड हॅव फेल्ड.' तिची मदत नसती तर मी नापासच झाले असते. गेलेल्या गोष्टीबद्दल बोलतोय म्हणून पुढच्या भागात 'वुड हॅव' आणि क्रियापदाचं तिसरं रूप. आजच्याबद्दल असेल तर नुसतं 'वुड' आणि साधं रूप: 'बट फॉर द चिल्ड्रन, शी वुड लिव्ह इन द व्हिलेज', मुलं नसती तर ती गावीच राहिली असती. 'बट फॉर'च्या पुढे 'विल' दिसला तर डोळे मिटून चूक म्हण.

आता एकवचन-अनेकवचनाचं. अपवादाचा शब्द कर्त्याला चिकटला की क्रियापद कोणाचं ऐकायचं? पहिल्याचं. 'एव्हरीवन एक्सेप्ट माय ब्रदर्स हॅज कम.' भाऊ सोडून सगळे आले. 'हॅज'च्या अगदी लगत 'ब्रदर्स' बसलेत म्हणून 'हॅव' लावायचा मोह होतो, पण कर्ता 'एव्हरीवन' आहे आणि इंग्रजीत तो एकवचनी. भावांना वजा केलंय ना, मग त्यांना क्रियापदावर हक्क कसला? तसंच 'नोबडी बट द टू सिस्टर्स नोज द रेसिपी'. रेसिपी दोघींना माहीत, तरी 'नोज', कारण कर्ता 'नोबडी'. 'द मदर, बिसाइड्स हर सन्स, वॉज प्रेझेंट' इथेही आई कर्ती, म्हणून 'वॉज'. नियमाने 'नथिंग बट'लाही एकवचनच लागतं, मग पुढे आंबे असोत की पुस्तकं: 'नथिंग बट मँगोज वॉज ऑन द टेबल'. ऐकायला विचित्र वाटतं, बोलताना लोक 'वेअर' म्हणूनही जातात, पण पेपरात 'वॉज' घे. उलट 'ऑल बट वन'ला अनेकवचन: 'ऑल बट वन ऑफ द गर्ल्स वेअर लेट', कारण 'ऑल' म्हणजे एक सोडून उरलेल्या सगळ्या, आणि त्या पुष्कळ आहेत.

अर्थाच्या तीन जोड्या पटकन सांगून टाकते. 'नथिंग बट' म्हणजे तेवढंच. 'एनीथिंग बट' म्हणजे ते सोडून काहीही, म्हणजे मुळीच नाही: 'शी इज एनीथिंग बट लेझी', ती आळशी अजिबात नाही. 'ऑल बट' क्रियापदाला लागला तर जवळजवळ: 'शी ऑल बट फेंटेड', तिला चक्कर यायचीच बाकी होती. इथे क्रियापद आपल्या काळातच राहतं, 'ऑल बट' त्याला हात लावत नाही. 'एनीथिंग बट लेझी'ला 'सगळ्यात आळशी' असं समजून एखादीने उताऱ्यावरच्या प्रश्नाचं भलतंच उत्तर दिलेलं मी पाहिलंय, म्हणून बजावते.

आता प्रत्यक्ष परीक्षेचं बोलू, कारण तुझी खरी काळजी तीच आहे. आयबीपीएसच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे प्रश्नाला ४० सेकंद, आणि चुकलं तर पाव गुण कापला जातो. तिथे व्याकरणाचं पुस्तक आठवत बसायला वेळ कुठला? म्हणून एकच सवय लाव. अपवादाचा शब्द दिसला की आधी त्याच्या डावीकडे बघायचं. 'डू' आहे का? साधं रूप. 'चॉइस', 'ऑप्शन', 'वॉन्ट' आहे का? टू. आवडीनिवडीची यादी किंवा 'गुड अ‍ॅट'सारखं काही आहे का? आयएनजी. पुढे कर्ता उभा आहे का? मग नेहमीचं क्रियापद. दहा सेकंदांत होतं हे. आणि यातलं काहीच न जुळता दोन पर्याय बरोबरीने छळायला लागले, तर प्रश्न सोड. पाव गुण वाचवणं हासुद्धा अभ्यासच आहे.

पुस्तकांचं विचारशील तर तुझ्याकडचं 'रेन अँड मार्टिन' पुरेसं आहे, आणि त्याला घाबरू तर अजिबात नकोस. त्यातले पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन एके काळी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते, आणि पुढे १९२४ साली त्यांनी 'बो जेस्ट' नावाची फ्रेंच परदेशी सैन्यदलाची साहसकादंबरी लिहिली. वाळवंट, किल्ला, लढाई, सगळं! व्याकरणाचं पुस्तक लिहिणारा माणूस इतका रसिक होता म्हटल्यावर ते पुस्तक जरा माणसात आल्यासारखं वाटतं की नाही? बोलण्यातलं आजचं इंग्रजी हवं असेल तर मायकल स्वान यांचं 'प्रॅक्टिकल इंग्लिश यूसेज' ग्रंथालयात मागून बघ. ते सलग वाचायचं नाही, शंका आली की तेवढं पान काढायचं. आणि कृपा करून चार-चार पुस्तकं विकत घेऊन कपाटात रचू नकोस. अडली की नवीन पुस्तक आणायचं, हा नुसता स्वतःला समजावण्याचा प्रकार आहे.

त्यापेक्षा रोजच्या जगण्यातली वाक्यं कर. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मनात दोन वाक्यं होतात. नवऱ्याने आज पेपर वाचण्यापलीकडे काय केलं? 'ही डिड नथिंग बट रीड द पेपर.' भाजीवाला आला नाही, मग पिठलं करण्यावाचून इलाज नव्हता? 'आय हॅड नो चॉइस बट टू मेक पिठलं.' लोकलमध्ये उभं राहणं सोडून प्रवासातलं काय आवडतं? 'आय लाइक एव्हरीथिंग एक्सेप्ट स्टँडिंग.' स्वतःची, आणि हो, थोडी चहाडीची वाक्यं डोक्यात जितकी टिकतात तितकी पुस्तकातली टिकत नाहीत. सासूबाईंना इंग्रजी येत असेल तर मात्र मनातल्या मनातच कर.

चल, आता माझ्यासमोर सहा सोडव. मोकळी जागा कुठे ते मी सांगते, रूप तू ठरव. एक, 'माय सन डज नथिंग बट' आणि पुढे प्ले. दोन, 'द बँक हॅड नो ऑप्शन बट' आणि पुढे क्लोज द अकाउंट. तीन, 'माय आत्या एन्जॉइज एव्हरीथिंग इन मुंबई एक्सेप्ट' आणि पुढे ट्रॅव्हल बाय लोकल. चार, 'शी नेव्हर लीव्ह्ज हर रूम एक्सेप्ट' आणि पुढे ईट. पाच, 'अनलेस द रेन' आणि पुढे स्टॉप, त्यानंतर 'द बस विल नॉट लीव्ह'. सहा, 'एव्हरी स्टुडंट एक्सेप्ट द ट्विन्स' आणि पुढे हॅव पास्ड.

ठरवलंस? आता ताडून बघ. पहिल्यात 'डज' आहे, म्हणून प्ले. दुसऱ्यात 'ऑप्शन', म्हणून टू क्लोज. तिसऱ्यात आवडीची यादी, म्हणून ट्रॅव्हलिंग. चौथ्यात खोलीबाहेर येण्याचा हेतू, म्हणून टू ईट. पाचव्यात स्टॉप्स, 'विल' नाही आणि 'नॉट'ही नाही. सहाव्यात जुळे दोन असले तरी कर्ता 'एव्हरी स्टुडंट', म्हणून हॅज पास्ड. चार आली असतील तर शाब्बास. तीनच आली असतील तरी काही बिघडत नाही, फक्त चुकलेल्या वाक्यात डावीकडे बघायचं राहून गेलं का, तेवढं तपास. बहुतेक तेच झालं असणार.

एक शेवटचं, मग तुला सोडते. हे सगळं आज रात्रीतच पाठ करायचा हट्ट धरू नकोस. आज फक्त 'डू' आणि 'चॉइस' ही दोन घरं पक्की कर, प्रत्येकी तीन वाक्यं वहीत लिही. उद्या आयएनजी, परवा 'अनलेस' आणि 'बट फॉर', एकवचन-अनेकवचन रविवारी दुपारी. मधे एखादा दिवस पाहुण्यांत किंवा मुलाच्या आजारपणात गेला तर जाऊ दे, वही कुठे पळून जात नाही. लिहिलेली वाक्यं मला पाठव, मी तपासून देईन, आणि लाल शाई वापरणार नाही, शब्द दिला. आता ऊठ, अकरा वाजून गेलेत, दिवा मालव आणि झोप.